आधी वर येण्याचा विचार

पाणबुडी म्हटले की डोळ्यांसमोर येते तिची बुडी. बुडायला मात्र दगडालाही येते. ठरवलेल्या खोलीवर थांबायचे, तिथले काम उरकायचे आणि हवे तेव्हा पुन्हा पृष्ठभागावर यायचे, हे दगडाला जमत नाही. त्यासाठी पाणबुडी लागते. हा फरक समजून घेण्यासाठी नौदलाच्या गोदीत जाण्याची गरज उरलेली नाही. घरातल्या संगणकावर, खेळता खेळता, हा धडा गिरवता येतो.

वाहने बांधण्याचे खेळ हा संगणकीय खेळांचा एक स्वतंत्र प्रकार आहे. इतर खेळांत तयार गाडी किंवा विमान मिळते आणि ते फक्त चालवायचे असते. इथे आधी वाहन बांधायचे आणि मग ते चालते का, हे आपल्याच जिवावर पाहायचे. ब्रिटनमधल्या जिओमेटा या स्टुडिओचा ‘स्टॉर्मवर्क्स : बिल्ड अँड रेस्क्यू’ हा या प्रकारातला एक ठळक खेळ. २०१८ मध्ये तो अपूर्ण रूपात खेळाडूंच्या हाती आला आणि २०२० मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. समुद्रात अडकलेल्यांची सुटका करण्यासाठी होड्या, हेलिकॉप्टरे आणि पाणबुड्या खेळाडूने स्वतः रचायच्या, हा त्याचा गाभा. बांधकामाचे एकक म्हणजे २५ सेंटिमीटर बाजूचा घनाकृती ठोकळा. भिंत, मोटर, पंप, बॅटरी, खुर्ची, सारे याच मापाच्या चौकटीत बसवायचे. चारही बाजूंनी आणि वर-खाली बंद झालेली जागा खेळ हवेने भरलेली खोली मानतो आणि त्यानुसार वाहन किती तरंगेल हे ठरवतो. एक ठोकळा विसरला, की त्या खोलीत पाणी शिरते.

या खेळात एका माणसाची छोटी पाणबुडी बांधायला घेतली, तर कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने समोर येतात? खऱ्या पाणबुड्या बांधणाऱ्यांनी तेच प्रश्न कसे सोडवले? आणि खेळ जिथे थांबतो, तिथून पुढे समुद्र काय मागतो? या लेखात या तीन गोष्टी पाहू.

हलकेपणाची अडचण

पहिल्यांदा पाणबुडी बांधणाऱ्याला बसणारा पहिला धक्का असा, की ती बुडतच नाही. आर्किमिडीजचे तत्त्व शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते : वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढे बल तिला वर ढकलते. त्याचा अर्थ किती कडक आहे, हे मात्र आकडे मांडल्यावरच कळते.

समजा, आपली पाणबुडी ५ ठोकळे रुंद, ७ ठोकळे उंच आणि १५ ठोकळे लांब आहे. म्हणजे १.२५ मीटर रुंद, १.७५ मीटर उंच, ३.७५ मीटर लांब. साधारण एका छोट्या मोटारीएवढी. एका घनमीटरमध्ये असे ६४ ठोकळे बसतात. ५, ७ आणि १५ यांचा गुणाकार ५२५, म्हणजे ८.२ घनमीटर. समुद्राच्या पाण्याचे वजन घनमीटरला सुमारे १,०२५ किलो धरले, तर एवढ्या आकाराची बंद पेटी पाण्याखाली जाण्यासाठी ८.४ टन वजनाची असावी लागेल. मोटारीच्या आकारात साडेआठ टन कोंबायचे कसे? खेळातले वस्तुमानाचे आकडे वास्तवाशी तंतोतंत जुळतीलच असे नाही, पण अडचण तीच राहते. मग नवखा खेळाडू वजनदार ठोकळे रचत सुटतो आणि पाणबुडी जड, मंद आणि बेढब होत जाते.

शहाणा उपाय उलट दिशेचा आहे. वजन वाढवायचे नाही. कोरडी जागा कमी करायची. माणूस बसतो तेवढी केबिन बंद ठेवायची आणि नाक, शेपूट, प्रोपेलरभोवतीचा भाग पाण्याला मोकळा सोडायचा. केबिन बाहेरून ५ × ७ × ७ ठोकळ्यांची केली, तर ती २४५ ठोकळ्यांची, म्हणजे ३.८ घनमीटरची होते आणि तिला बुडवायला ३.९ टन पुरतात. बाकीच्या भागाच्या भिंतींनी व्यापलेली जागा सोडून दिली, तर साडेचार टनांची उचल एका निर्णयाने नाहीशी झाली. बाहेरून आकार तोच दिसतो, पण आत पाणी खेळते.

खऱ्या संशोधन-पाणबुड्या याच पद्धतीच्या असतात. १९६४ पासून काम करणारी अमेरिकेची ‘ॲल्विन’ बाहेरून गुबगुबीत होडीसारखी दिसते, पण तिच्यातले तिघे जण एका गोलात बसतात. बाहेरचा साज पाण्याने भरलेला असतो. भारताची ‘मत्स्य ६०००’ चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेत आकाराला आली आहे. तिच्यातही तिघांसाठी २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियम मिश्रधातूचा गोल योजलेला आहे आणि त्याच्या भिंतीची जाडी ८० मिलिमीटर आहे. माणसाला लागते तेवढीच जागा कोरडी ठेवायची, हा छोट्या पाणबुडीचा पहिला नियम.

टाकी : किती आणि कुठे

पाणबुडीला दोन अवस्था लागतात. पृष्ठभागावर असताना झाकण लाटांच्या वर राहील इतकी ती हलकी हवी आणि खाली असताना पाण्याच्या वजनाशी बरोबरी साधणारी हवी. हा फरक भरून काढते ती बॅलास्ट टाकी : पाणी भरले की जड, काढले की हलकी. सुरुवातीला बाजूला सारलेल्या पाण्याच्या दहा टक्के एवढी टाकी धरायला हरकत नाही. आपल्या केबिनसाठी ते साधारण २४ ठोकळे होतात, म्हणजे ३७५ लिटर. त्यांच्या १२-१२ ठोकळ्यांच्या दोन टाक्या करून एक पुढे आणि एक मागे ठेवली, की पाणबुडी आडवी तोलता येते. टाकीला दोन वाटा लागतात, हे बरेच जण विसरतात : खालून पाण्याला आत-बाहेर करायला एक आणि वरून हवेला निघून जायला दुसरी. हवेला वाट नसेल तर ती आतच दाबली जाते आणि पाणी भरणे अडते.

आता तोलाचा प्रश्न. पृष्ठभागावरच्या होडीला तिची रुंदी सावरते. एका बाजूला कलली, की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि तिला परत ढकलतो. पूर्ण पाण्याखाली गेलेल्या पाणबुडीला हा आधार राहत नाही. तिथे दोनच बिंदूंचे नाते उरते : सारे वजन जिथून खाली ओढते तो गुरुत्वमध्य आणि पाण्याचे बल जिथून वर ढकलते तो उत्प्लावन केंद्रबिंदू. गुरुत्वमध्य खाली असेल, तर पाणबुडी लंबकासारखी स्वतःहून सरळ होते. तो वर असेल, तर ती उलटते, मग मोटर कितीही ताकदीची असो.

या दोन बिंदूंमधले अंतर किती हवे? पुढची एक टाकी भरली आणि मागची रिकामी राहिली असे समजू. टाकी मध्यापासून दीड मीटरवर असेल, तर त्यातल्या सुमारे १९० किलो पाण्याची ओढ पुढचे टोक खाली नेते. पाणबुडीचे एकूण वजन ४ टन आणि दोन बिंदूंमधले अंतर १० सेंटिमीटर असेल, तर ती जवळजवळ ३५ अंशांनी कलंडते. चालकाला पुढच्या काचेतून फक्त तळ दिसेल. तेच अंतर २० सेंटिमीटर केले, तर कल सुमारे २० अंशांवर येतो. एका ठोकळ्याच्या बाजूहूनही कमी असलेला हा फरक सावरण्यात आणि कोसळण्यात आहे. म्हणून बॅटरी, मोटर आणि पंप यांसारख्या जड वस्तू तळाशी आणि हवेची पोकळी वर, हा दुसरा नियम. घरातल्या कपाटाच्या खालच्या खणात वजनदार भांडी ठेवणाऱ्यांना तो शिकवावा लागत नाही.

एका खोलीवर थांबणे

वजन आणि उचल बरोबर केली, की पाणबुडी जागच्या जागी थांबेल असे वाटते. कागदावर थांबते. पाण्यात ती सावकाश एका बाजूला सरकू लागते आणि थांबत नाही. ज्या टाकीचे तोंड तळाशी समुद्राला उघडे आहे, तिच्यात तर हा प्रकार धोकादायक होतो. समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. टाकीत पृष्ठभागावर २०० लिटर हवा असेल, तर १० मीटरवर ती १०० लिटर उरते आणि ३० मीटरवर ५० लिटर. हवा आक्रसली की तेवढे पाणी आत येते, पाणबुडी आणखी जड होते, आणखी खाली जाते, हवा आणखी आक्रसते. वर जाताना हेच उलट घडते. उतारावर ब्रेक सुटलेल्या गाडीसारखी ही गत. म्हणून अशी उघडी टाकी एकतर पूर्ण भरायची किंवा पूर्ण रिकामी करायची. बारीक वजन जुळवायला पाण्याचा दाब सोसणारी वेगळी बंद टाकी ठेवायची.

तळ्यातली टिबुकली हेच काम टाकीशिवाय करते. पिसे अंगाशी आवळून त्यांतली हवा बाहेर काढते आणि पाणी न उडवता हळूच खाली सरते. तिचे वजन तेच राहते, आकार तेवढा घटतो.

क्षणाक्षणाची दुरुस्ती टाकीवर सोपवता येत नाही, कारण पंप हळू चालतो. ते काम उभ्या प्रोपेलरचे. खेळात खोली मोजणारा सेन्सर आणि एक छोटा नियंत्रक जोडला, की हे आपोआप करता येते. हा नियंत्रक तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र करतो. ठरलेल्या खोलीपासून आपण आत्ता किती दूर आहोत? त्या खोलीकडे किती वेगाने जात आहोत? आणि इतका वेळ एकाच बाजूला चुकत आलो आहोत का? नुसत्या पहिल्या प्रश्नावर चाललो, तर पाणबुडी झोपाळ्यासारखी वर-खाली करत राहते, कारण जागेवर पोहोचेपर्यंत ती ढकलतच राहते आणि वेगाच्या भरात पुढे निघून जाते. दुसरा प्रश्न तिला वेळेत आवरतो. तिसरा प्रश्न सततची छोटी चूक पुसतो. म्हणून जुळवणी याच क्रमाने करावी : आधी पहिला आकडा वाढवत झोका येऊ द्यावा, मग दुसऱ्याने तो शमवावा, शेवटी तिसरा अगदी चिमूटभर. तिसरा जास्त झाला, तर जुनी चूक साठत जाते आणि पाणबुडी भलत्याच वेळी उसळी घेते.

विजेचा हिशेब

डिझेल इंजिनाला हवा लागते, आणि ती पाण्याखाली नसते. छोट्या पाणबुडीत हवा घेणारी नळी आणि धूर सोडणारी वाट बसवण्यापेक्षा निव्वळ बॅटरीवर चालणे बरे. पण मग मोटर, पंप, दिवे आणि सेन्सर सारे एकाच घागरीतून पितात. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी शक्ती घनाने. वेग दुप्पट केला, तर शक्ती आठपट लागते. उलट वेग निम्मा केला, तर त्याच बॅटरीवर चौपट अंतर कापता येते. दिवे आणि पंप यांचा खर्च वेगळा, म्हणून प्रत्यक्षातला फायदा थोडा कमी, तरी सावकाश जाणाराच दूर जातो.

पाण्याखालच्या गुहांत उतरणारे पाणबुडे हवेचे तीन भाग करतात : एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक अडचणीसाठी राखून. बॅटरीलाही तोच नियम लावावा. एक तृतीयांश संपली, की काम कितीही अर्धवट असो, पाणबुडीचे तोंड घराकडे वळवायचे. ‘मत्स्य ६०००’चा नेहमीचा मुक्काम १२ तासांचा, पण माणसे जगवण्याची तजवीज ९६ तासांची धरली आहे. राखीव साठा कामाच्या कित्येक पट असतो, तो यासाठी.

वीज गेली तर?

इथपर्यंतची सारी यंत्रणा वीज असताना चालते. खरा आराखडा मात्र वीज गेल्यावर काय होते यावर ठरतो.

१७७६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात ब्रिटिश युद्धनौकेवर चालून गेलेली डेव्हिड बुशनेलची ‘टर्टल’ एका माणसाने हाताने चालवायची लाकडी पाणबुडी होती. तिच्या तळाशी सुमारे ९० किलो शिसे असे बसवले होते, की ते खाली सोडताच ती चटकन वर यावी. पुढे २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’मधून प्रशांत महासागराच्या सर्वांत खोल भागात, सुमारे १०,९०० मीटरवर उतरले. तिच्यावर कित्येक टन लोखंडी छर्रे विद्युतचुंबकाने धरून ठेवले होते. वीज सुरू असेपर्यंत छर्रे जागेवर राहतात. वीज गेली की चुंबक सुटतो, छर्रे पडतात आणि पाणबुडी आपोआप वर निघते. बिघाड झाला तर तो वरच्या दिशेनेच नेईल, अशी ती रचना. दोघे तळाशी सुमारे २० मिनिटे होते, आणि परतीच्या प्रवासाला सव्वातीन तास लागले.

आपल्या ठोकळ्यांच्या पाणबुडीत हेच दोन प्रकारे साधता येते. एक, तळाशी सुटे होणारे वजन लावायचे आणि तर्क उलटा लिहायचा. ‘संकट आले तर सोड’ असे न लिहिता ‘सारे ठीक आहे तोवर धर’ असे लिहायचे. दुसरा प्रकार आणखी सोपा : पाणबुडी समतोलापेक्षा किंचित हलकीच ठेवायची आणि उभ्या प्रोपेलरने तिला खाली दाबून धरायचे. प्रोपेलर थांबला, की ती सावकाश वर येते. दोरीने बांधलेली, माणूस नसलेली बरीच समुद्री यंत्रे अशीच थोडी हलकी ठेवतात.

पाणी आत शिरण्याच्या वाटाही मोजून ठेवाव्यात. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी ‘ॲल्विन’ पाण्यात सोडताना तिचे दोर तुटले. झाकण उघडे होते. माणसे कशीबशी बाहेर पडली आणि पाणबुडी सुमारे १,५०० मीटरवर जाऊन बसली. पुढच्या वर्षी ती वर काढली, तेव्हा आत राहिलेली सँडविचेस भिजली होती, पण खाण्याजोगी निघाली. १९७३ मध्ये आयर्लंडजवळ ‘पायसीस ३’ वर येऊन ओढली जात असताना दोरामुळे तिच्या मागच्या यंत्रकक्षाचे झाकण निखळले. तो कक्ष भरला आणि दोन माणसांसह ती ४८० मीटर खोल गेली. माणसांचा गोल शाबूत होता म्हणून ते जगले. ७६ तासांनी त्यांना वर काढले. दोन्ही अपघातांत घात झाला तो पृष्ठभागावर, झाकणाच्या जागी. खेळातही हेच जास्त वेळा घडते. म्हणून चालकाने निघण्याआधी झाकण, मग टाक्या, मग बॅटरी असा क्रम पाठ करावा, आणि आराखडा करणाऱ्याने झाकण बंद असल्याशिवाय पंप सुरूच होऊ नये अशी जोडणी करावी.

खेळ जिथे थांबतो

१८ जून २०२३ रोजी ‘टायटॅनिक’च्या अवशेषांकडे निघालेली ‘टायटन’ पाणबुडी दाबाखाली चिरडली गेली आणि पाच जण मृत्युमुखी पडले. ती व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरने चालवत असत, याची तेव्हा जगभर थट्टा झाली. पण तसा कंट्रोलर अमेरिकी नौदलही त्याआधीपासून आपल्या व्हर्जिनिया वर्गाच्या पाणबुड्यांत निरीक्षण-स्तंभ फिरवायला वापरत आहे. हाताला सवयीचे साधन वापरण्यात काही वावगे नाही. घोर होता तो कार्बन फायबरच्या कवचाचा आणि स्वतंत्र संस्थेच्या प्रमाणपत्राशिवाय माणसे खाली नेण्याचा.

खेळाची हद्दही नेमकी इथेच आहे. तो तोल शिकवतो, वजनाचा हिशेब शिकवतो, बिघाडाचा आधी विचार करायला लावतो. पण त्यातला ठोकळा शंभराव्या बुडीतही पहिल्या बुडीइतकाच नवा असतो. खरे कवच प्रत्येक बुडीत किंचित आवळते आणि सैल होते. वेल्ड थकतो, थर सुटतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. ६,००० मीटरवर दाब ६०० वातावरणांचा असतो, म्हणजे हाताच्या नखाएवढ्या जागेवर सहाशे किलोंचा भार. तो थकवा मोजायला चाचणीची टाकी लागते, वर्षे लागतात आणि आपला आराखडा तपासणारा परका माणूस लागतो. २०२५ च्या सुरुवातीला ‘मत्स्य ६०००’च्या चाचण्या तमिळनाडूतल्या कट्टुपल्ली बंदरात झाल्या, त्या आधी बंदराच्या उथळ पाण्यात. वजन, तोल, वीज आणि संपर्क, सारे किनाऱ्याजवळ तपासून मगच खोलीकडे जायचे, हा तिथला शिरस्ता.

खेळाडूनेही तो पाळावा. नवी पाणबुडी आधी धक्क्यालगत बुडवावी, तिथे मुद्दाम सारी वीज तोडावी आणि हात बाजूला काढून पाहत राहावे. ती आपण होऊन वर आली, तर आराखडा जमला. नाही आली, तर रंग, दिवे आणि वेग यांवर घालवलेला वेळ फुकट गेला. घरातल्या मुलाने किंवा मुलीने उद्या कौतुकाने आपली पाणबुडी दाखवली, तर ती किती खोल जाते हे नंतर विचारावे. आधी विचारावे, वीज गेली तर ही वर कशी येते?